पासपोर्टची शिलाई माझी आहे, हिची नाही

जबाब देणार : नाव पासपोर्ट कार्यालयाच्या पत्रात पती म्हणून आहे तेच. गल्लीत मला खळकाका म्हणतात, कारण पुस्तके चिकटवायची खळ माझ्या बोटांना कायम लागलेली असते. वय सत्तरीला टेकलेले. धंदा पुस्तकबांधणी. राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. दुकान छापखान्याच्या गल्लीत, अगदी टोकाला.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या हाताने लिहून देतो की,

आधी सगळ्यांची खुशाली विचारतो. मोठ्या साहेबांची कंबर आता कशी आहे? खुर्चीत उशी ठेवलेली दिसली, म्हणजे अजून सुटलेली नसावी. बिनतारी संदेशाच्या टेबलावरच्या बाईंची मुलगी तापातून उठली का? दारावरच्या शिपाईदादांचा खोकला मागच्या खेपेपेक्षा कमी वाटला, पण आवाज अजून बसलेला आहे, तो गरम पाण्याने मोकळा होईल. ज्या हवालदारांनी हा जबाब लिहून घ्यायचा त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. ते म्हणाले, "काका, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. तुम्हीच लिहा, मी तुम्हाला मुद्द्यावर ठेवतो." ठाण्याच्या मोठ्या वह्या पुष्कळ वर्षे मीच बांधत आलो, त्यामुळे ही माणसे मला परकी नाहीत. आता हवालदार म्हणतात की जबाबात खुशाली लिहीत नसतात. पण लिहून झाली आहे, आणि खाडाखोड केली तर तिथे वेगळी सही लागते, म्हणून राहू द्यावी.

माझी पत्नी, जिला यापुढे 'ही' असे लिहितो, तिला एकच बहीण. ती धाकटी. ही स्वतः शाळेत असतानाच त्यांची आई गेली. तेव्हापासून धाकटीची वेणी हिने घातली, तिला शाळेत हिने सोडले, गृहपाठ हिने केला आणि त्यात चुका झाल्या म्हणून बोलणीही हिनेच खाल्ली. धाकटी लग्न होऊन परदेशी गेली. तिकडे तिचा नवरा वारला, मुलगा मोठा झाला, ती तिथलीच झाली. ती दोनदा येऊन गेली. आमचे जाणे कधी झाले नाही. कारण दुकान. हे कारण दर वेळी मीच सांगत असे.

गेल्या वर्षी धाकटीला आजार झाला. कोणता, ते इथे लिहिण्याची गरज नाही. औषधाने तिचे केस गेले. दर रविवारी दोघी फोनवर बोलत, त्यात चेहरा दिसतो. धाकटी डोक्याला रुमाल बांधून बसे. एका रविवारी तिने रुमाल काढला आणि म्हणाली, "ताई, बघ, गवत उगवलंय." ही म्हणाली, "जरा वाकून दाखव." तिने वाकून दाखवले. "तू येईपर्यंत विंचरण्याजोगे होतील," असे धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर ही मला म्हणाली, "अहो, मला जायचंय." एवढेच म्हणाली. मी दुकानाचे नाव काढले नाही.

त्या देशात पर्यटक म्हणून पाय ठेवायचा तर त्यांचे नियम पुष्कळ आहेत. पासपोर्टची मुदत पुढे काही महिने शिल्लक हवी, त्यात कोरी पाने हवीत. फोटो पांढऱ्या भिंतीपुढचा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचे नाही. परतीचे तिकीट आधी हवे. राहणार कोणाकडे, त्याचे आमंत्रणपत्र हवे, ते भाच्याने पाठवले. आजारी पडलात तर खर्च कोण करणार, त्याचा विमा हवा. आणि सगळ्यांत वर म्हणजे, तुम्ही तिथेच मुक्काम ठोकणार नाही, घरी परत याल, हे त्यांना पटले पाहिजे.

हे सगळे कागद मी क्रमाने लावले. सुटे कागद कोणाच्या हातात देणे माझ्या धंद्याला शोभत नाही. म्हणून मी ते शिवले, पाठीला निळे कापड लावले, वर पुठ्ठा चढवला आणि व्हिसाच्या खिडकीत दिले. खिडकीतल्या मुलीने ते पुस्तक उलटसुलट करून पाहिले. "आजोबा, हे काय? आम्हाला सुटे कागद लागतात. साधी पिनसुद्धा चालत नाही." तिने कात्री पुढे केली. माझी शिलाई मी तिथेच उभ्याने कापली. ही शेजारी होती. म्हणाली, "एवढ्या वर्षांत ह्यांचं काम पहिल्यांदाच कुणी परत केलं. बरं झालं, मी बघायला होते." त्या दिवशी आम्ही हसलो. त्या कात्रीवरून मला कळायला हवे होते, ते कळले नाही.

मुलाखतीला आत ही एकटी गेली. बाहेर आल्यावर तिने सांगितले ते असे. साहेबाने विचारले, "तुम्ही परत याल कशावरून?" ही म्हणाली, "ह्यांना साखरेचा डबा सापडत नाही." दुभाष्याने ते सांगितले की नाही कोण जाणे, पण साहेबाने मान खाली घालून शिक्का मारला. व्हिसा एकट्या हिच्यासाठी होता. तो पासपोर्टच्या मधल्या पानावर चिकटवून आला, हिच्या फोटोसकट. त्या फोटोत आपण पाकीटमार दिसतो, असे हिचे म्हणणे पडले.

तरी तो पासपोर्ट हिने सगळ्यांना दाखवला. शेजारीण आली की ही हात पुसून कपाट उघडी, पासपोर्ट मधोमध उलगडून तळव्याने दाबून धरी आणि म्हणे, "इथे बघा, हा." समोरची शिंपीण बघून गेली, दूधवाला बघून गेला, छापखान्यातली मुले जेवणाच्या सुट्टीत बघून गेली. पासपोर्ट असा आडवा दाबण्यासाठी केलेला नसतो. मधला टाका सैल झाला. व्हिसाचे पान अर्धे सुटले आणि जरा खाली लोंबू लागले.

आता मुद्दा. (हवालदारांनी बोटाने टेबलावर टकटक केली आहे.)

निघायच्या आठवड्यात, एका दुपारी, ही वर झोपली असताना, मी तो पासपोर्ट दुकानात खाली आणला. मला कोणी सांगितले नव्हते. सुटलेले पान दिसले की माझा हात थांबत नाही, ही सवय आहे, दुसरे काही नाही. जुना दोरा मी हलकेच काढला. नवा सुती दोरा मेणावर ओढला. आरीने, म्हणजे भोके पाडायच्या आमच्या टोच्याने, नवीन भोक एकही पाडले नाही, जुन्याच भोकांतून टाके घेतले. पाठीला आतून पातळ कागदाची पट्टी दिली, खळ अगदी कमी घेतली, म्हणजे पानाला सुरकुती येत नाही. कोपरे झिजले होते ते पातीने सारखे केले. मग दोन फळ्यांत आवळून ठेवला. संध्याकाळी काढला तेव्हा कोणीही म्हटले असते की कालच छापून आला.

हिने हातात घेतला. "अहो, हा दुसराच दिला की काय?" मी म्हटले, "नीट बघ." तिने ते पान बोटाने ओढून पाहिले. निघाले नाही. "आता हा माझ्यापेक्षा जास्त टिकेल," असे म्हणाली. मला फार बरे वाटले. तेही खरे आहे म्हणून लिहिले.

विमान दुपारचे होते. सामानात एक मोठी पिशवी, एक हातातली. हातातल्या पिशवीत चष्मा, गोळ्या, भाच्याचा पत्ता, पाण्याची बाटली (ती पुढे टाकायला लावली) आणि तान्ह्या मुलाचे केस विंचरायचा मऊ दातांचा कंगवा. निरोप द्यायला आलेल्यांनी काचेच्या अलीकडे थांबायचे असते, तसा मी थांबलो. पलीकडे तपासणीची रांग दिसत होती. हिची पाळी आली. काचेआतल्या अधिकारी बाईंनी पासपोर्ट उघडला, मिटला, परत उघडला. मग तो जांभळ्या दिव्याखाली धरला. मला त्या दिव्याचे काही माहीत नव्हते. नंतर सांगितले गेले की सरकारी दोरा त्या दिव्याखाली चमकतो. माझा काळा राहिला.

त्यांनी आणखी एका साहेबांना बोलावले. दोघांनी पाठ पाहिली, कोपरे पाहिले. ही हातवारे करून काहीतरी सांगत होती. मी काचेवर हात आपटला, तर पहारेकऱ्याने मागे केले. बऱ्याच वेळाने ही उलट्या दिशेने चालत आली. लोक सगळे आत जात होते आणि ही एकटी बाहेर येत होती. पिशवी तिनेच धरली होती. सोबत त्या अधिकारी बाई होत्या. आम्हाला मुलगी असती तर तिच्याच वयाच्या. मला म्हणाल्या, "हे व्हिसाचं पान काढून परत बसवलंय, असा अर्थ होतो ह्याचा. तिकडे उतरल्यावर यांना तिथूनच परत पाठवतील आणि पुढे कधी येऊ देणार नाहीत. मला सोडता येत नाही." मग पासपोर्टवरून अंगठा फिरवत हळू म्हणाल्या, "शिलाई फार सुंदर आहे हो. तीच नडली." त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी हिला बसायला खुर्ची दिली होती.

घरी जाताना बसमध्ये ही खिडकीशी बसली. वाटेत म्हणाली, "मी सांगितलंय, मीच शिवला म्हणून."

मी म्हटले, "तू? तुला सुईत दोरा घालता येतो का?"

"त्यांना कुठे माहीत आहे? म्हटलं, सुई-दोरा म्हणजे बायकांचं काम, त्यांना पटलं लगेच."

"अगं पण का?"

"तुमच्यावर आलं असतं तर दुकानाला टाळं लागलं असतं. माझ्यावर आलं तर काय, एक फेरी चुकली. दुसरा पासपोर्ट काढू." उतरताना म्हणाली, "आणि तुम्ही काचेवर असे हात काय मारत होता? माकडासारखे."

त्या संध्याकाळी तिने धाकटीला फोन केला आणि विमान रद्द झाले, हवा खराब आहे, असे सांगितले. धाकटी म्हणाली, "मग हवा सुधारली की ये. मी कुठे जातेय?" तिचा आवाज बारीक झाला होता. मोठी पिशवी हिने सोडली नाही. ती दाराशीच ठेवली आहे. केर काढताना ती उचलते आणि परत तिथेच ठेवते.

पुढे पासपोर्ट कार्यालयाचे पत्र आले. हिने विमानतळावर जे सांगितले ते लिहून घेतले गेले होते, आणि हिची सही त्याखाली आहे. पत्राचा अर्थ असा की ज्याचा पासपोर्ट त्यानेच जाणूनबुजून त्यात फेरफार केला, सबब पोलिसांची चौकशी पुरी होईपर्यंत नवा मिळणार नाही. मोठ्या साहेबांनी मला समजावून सांगितले की दुसऱ्या कोणी, वाईट हेतूशिवाय, हिला न विचारता हे केले असे चौकशीत ठरले, तर नवा पासपोर्ट मिळू शकतो, आणि मग व्हिसासाठी पुन्हा अर्ज करता येतो. हा जबाब त्यासाठी आहे. मागच्या दोन खेपांना साहेब बंदोबस्तावर होते म्हणून तो राहून गेला. त्यात कोणाचा दोष नाही.

हवालदार मला म्हणाले, "काका, ती म्हणते मी केलं, तुम्ही म्हणता मी केलं. चोरांच्या घरात असं कधी बघितलं नाही. कोणाचं खरं धरू?" त्यावर माझे म्हणणे असे. हिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्यात सुरुवात आहे. घरात बटण तुटले तर मी लावतो, उशीचा अभ्रा उसवला तर मी शिवतो. शिवाय शेवटची गाठ मी पाठीच्या आत दोनदा फिरवून दडवतो, ती माझ्या गुरूंची पद्धत. या ठाण्यातली कोणतीही वही पाठीशी उसवून पाहावी, तीच गाठ निघेल. कोरे कागद दिले तर समोर बसून शिवून दाखवायला मी तयार आहे. त्यासाठी आरी आणली होती, ती शिपाईदादांनी हत्यार म्हणून दारावरच काढून घेतली. जाताना परत मिळावी.

तेव्हा टाके माझे, दोरा माझा, खळ माझी. हिने जे सांगितले ते मला वाचवायला सांगितले. आजवर मी हिला खोटे बोलताना पाहिले नव्हते, त्यामुळे तिला ते नीट जमलेलेही नाही. ते खोटे म्हणून तिच्या नावावर मांडू नये.

आता आज सकाळचे. हवालदार म्हणतात हे जबाबात घेतलेच पाहिजे असे नाही. मी म्हटले, घेतो.

आज सकाळी दुकान उघडले आणि भाच्याचा फोन आला. "काका, मावशी जवळ आहे?"

"वर आहे. बोलावू?"

"नको. वरच असू द्या." मी फळीवरची खळ ढवळत होतो, ती ढवळतच राहिलो. तो म्हणाला, "आई सारखी विचारत होती, ताई निघाली का. शेवटी मी म्हटलं, निघाली, विमानात बसली. मग विचारायची थांबली." मी विचारले, केव्हा. त्याने वेळ सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "काका, मावशीला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."

मी जिना चढलो. ही बाहेर जायचे कपडे घालून, केस बांधून, पिशवी खांद्याला लावून तयार होती. "चला," म्हणाली, "आज साहेब भेटणार आहेत ना? काल धाकटी स्वप्नात आली होती. डोक्यावर चांगले दोन बोटं केस." मी चला म्हटले.

वाटेत सांगावे असे ठरवले होते. वाटेत ही बोलत होती. यंदा थंडी लवकर पडेल का तिकडे, भाच्याला स्वयंपाक येतो की बाहेरचे खातो, असे. मी हो-नाही करत होतो. ठाण्याच्या पायऱ्या आल्या.

म्हणून पासपोर्ट कार्यालयाला माझी विनंती अशी. घाई आता राहिलेली नाही, हे खरे. तरी चौकशी थांबवू नये. मी हिला आज ना उद्या सांगणार आहे. सांगितल्यावर ती आधी रडणार नाही, आधी म्हणेल, "मला तरी जायचंय." धाकटी निजली ती खोली बघेल, भाच्याला दोन घास करून घालेल, कंगवा तिथे ठेवून येईल, तिचे ती जाणे. तेव्हा मला "जाता येणार नाही" असे म्हणायचे नाही. एका दिवसात दोन्ही गोष्टी तिला सांगणे माझ्याच्याने व्हायचे नाही.

आणि एक विचारायचे आहे. व्हिसाच्या अर्जात भेटीचे कारण विचारतात आणि पुढे चौकोन असतात. मागच्या वेळी आम्ही 'नातेवाइकांची भेट' या चौकोनात खूण केली होती आणि खाली 'आजारी बहीण' असे लिहिले होते. आता काय करावे? दुसरा चौकोन 'पर्यटन' असा आहे. खोटे लिहिले तर अर्ज फेटाळतात, असा त्यांचाच नियम आहे. नियमात बसेल आणि हिलाही वाचता येईल असे तिथे काय लिहायचे, ते कळवावे. त्या कागदांना मी या वेळी दोरा लावणार नाही.

जबाब संपल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. हवालदारांनी कागद वाचायला घेतला होता, तो मी धरून ठेवला. ही बाहेर बाकावर बसली आहे, दार उघडे आहे, आणि डोळे अधू झाले तरी हिचे कान फार तिखट आहेत. मी तो मनात वाचला. हवालदारांनीही मनात वाचला, आणि वाचताना चष्मा दोनदा पुसला. मी सांगितले तसाच आहे, बरोबर आहे. खाली माझी सही.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर, माझ्याच नावाने लिहावे. फार लांबवू नका, लवकर लिहा.